खाणीच्या गोड्या पाण्यात समुद्राचं शिसं

स्कूबात, म्हणजे पाठीवरच्या टाकीतली हवा घेत केलेल्या डायव्हिंगमध्ये, नऊ मीटर प्रतिमिनिट हा वर येण्याचा सुरक्षित वेग धरला, तर सहा मीटरवरून पृष्ठभागावर यायला चाळीस सेकंद लागतात. या प्रकरणातल्या तिसऱ्या प्रशिक्षणार्थ्याच्या मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरने नऊ सेकंद नोंदवले. त्याआधी काय काय घडलं आणि त्यानंतर काय काय घडायला हवं होतं, एवढाच या लेखाचा विषय आहे.

प्रकरण अभ्यासासाठी रचलेलं आहे. खाण कुठल्या एका गावची नाही आणि माणसं कुणी ठरावीक नाहीत. चुका मात्र प्रशिक्षणात नेहमी दिसणाऱ्या आहेत आणि गणित खरं आहे.

खाणीत का जावं लागतं

मालवण-तारकर्लीचा जलपर्यटनाचा हंगाम पावसाळ्यात बंद असतो. सप्टेंबरात बोटी पुन्हा सुटतात, पण पाणी लगेच निवळत नाही. देवबागच्या मुखातून कर्लीचा गाळ येतच असतो, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास हात लांब केला तर बोटं दिसत नाहीत असे दिवस ऑक्टोबरातही येतात. दुसरीकडे दिवाळीची गर्दी दारात उभी असते. डायव्हिंगसाठी नवी मुलं तयार करायची तर ती याच दीड-दोन महिन्यांत. तारकर्लीला एमटीडीसीच्या संस्थेचा खोल तलाव आहे आणि तिथे हे काम नीट होतं. पण प्रत्येक तुकडीला हवी तेव्हा तिथली वेळ मिळेलच असं नाही. मग सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, बंद पडलेल्या चिरेखाणीकडे लक्ष जातं. पावसाने काठोकाठ भरलेली, लाट नाही, ओढ नाही, बोटीचं डिझेल नाही.

इंग्लंडमध्ये लेस्टरशायरची स्टोनी कोव्ह ही ग्रॅनाइटची जुनी खाण अशीच भरली, आणि आज तिथल्या सुमारे सात, वीस आणि पस्तीस मीटरच्या टप्प्यांवर हौशी डायव्हरांची कायम वर्दळ असते. म्हणून खाणीत शिकवणं ही मुळातच चुकीची कल्पना नाही. फक्त तिथल्या सूचनांची यादी जशीच्या तशी इथे आणून चालत नाही. तिथली मोठी भीती थंडीची. पाणी इतकं गार असतं की रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा तोंडात देणारं यंत्र, आतून गोठून हवा सोडत सुटतो. आपल्याकडे ते होणार नाही. आपल्याकडे जांभा आहे, आणि जांभ्याखाली मऊ चिकणमाती. जांभा जिथे संपतो तिथे खाणही थांबते, म्हणजे खाणीचा तळ नेमका त्या मातीवर टेकलेला असतो. फिनचा, म्हणजे पायातल्या वल्ह्यासारख्या पट्टीचा, एक फटका बसला की ती माती उठते आणि शांत पाण्यात तासन् तास खाली बसत नाही. समुद्रात निदान ओढ तरी ती वाहून नेते.

या खाणीची जास्तीत जास्त खोली ९.५ मीटर. चिरे थराथराने काढल्यामुळे तळ पायऱ्यापायऱ्यांचा, त्यातली एक रुंद पायरी सहा मीटरवर. वरच्या तीन मीटरांत हिरवट पाणी आणि दोन-अडीच मीटर दृश्यता, त्याखाली पाणी जरा गार आणि जरा स्वच्छ. तीन बाजूंना उभ्या भिंती, चौथ्या बाजूला ट्रक उतरायचा जुना रॅम्प, शेवाळलेला. पाण्यात जायला आणि बाहेर यायला तेवढी एकच वाट.

त्या दिवशी

एक प्रशिक्षक, एक सहायक, चार प्रशिक्षणार्थी. काठावर एक माणूस टायरची ट्यूब आणि दोर घेऊन. पॅडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या ओपन वॉटर या प्राथमिक कोर्सचं दुसरं डाइव्ह चालू होतं. त्या कोर्सच्या पहिल्या दोन डाइव्हना बारा मीटरची मर्यादा असते, म्हणजे खोली नियमात होती. एका प्रशिक्षकाला जास्तीत जास्त आठ विद्यार्थी चालतात, म्हणजे संख्याही नियमात होती. सिलिंडर ११.१ लिटरचे अॅल्युमिनियमचे, २०० बारने भरलेले (बार हे दाबाचं माप), हायड्रो टेस्टची, म्हणजे पाण्याच्या दाबाने घेतलेल्या टाकीच्या चाचणीची, मुदत शिल्लक. कागदावर बोट ठेवायला कुठे जागा नव्हती.

चौघे सहा मीटरच्या पायरीवर ओळीने गुडघ्यांवर बसले. मास्क पूर्ण पाण्याने भरायचा आणि नाकाने हवा सोडून रिकामा करायचा, हा सराव. प्रशिक्षक समोरून एकेकाकडे सरकत होता, सहायक ओळीच्या दुसऱ्या टोकाला. पहिल्या दोघांचं होईपर्यंत आठ गुडघ्यांनी आणि आठ फिनांनी माती ढवळून काढली होती. तिसऱ्याची पाळी आली तेव्हा प्रशिक्षकाला त्याचा फक्त मास्क आणि छाती दिसत होती.

तिसरा मच्छीमार घरातला, पोहण्यात चौघांत सरस. मास्क भरला, पहिल्या प्रयत्नात अर्धाच रिकामा झाला. दुसऱ्या प्रयत्नात नाकात पाणी गेलं आणि ठसका लागला. त्याने तोंड घट्ट मिटलं, डाव्या हाताने बीसीडीचं (हवा भरून तरंगणं कमीजास्त करायच्या जाकिटाचं) इन्फ्लेटर, म्हणजे हवा भरायचं बटण, दाबलं आणि पाय मारले. प्रशिक्षकाचा हात पुढे आला तोवर तिथे फक्त गाळ होता.

इथे प्रशिक्षकाची खरी कोंडी झाली. वर जावं तर तिघे गाळात, आणि सहायकाला काय झालं ते माहीतच नाही. थांबावं तर वर गेलेला एकटा. त्याने उरलेल्या तिघांना हाताने एकत्र आणलं, सहायकाला शोधून त्याच्या ताब्यात दिलं आणि मग वर आला. सव्वा मिनिट गेलं.

तिसरा तोवर ट्यूबला धरून होता. मास्क कपाळावर. डायव्हिंगमध्ये कपाळावरचा मास्क त्रासाची खूण मानतात, पण काठावरच्या माणसाला ते कुणी सांगितलेलं नव्हतं. विचारलं तर उत्तर आलं, "काय नाय ओ, बरो आसंय मी." तो स्वतः रॅम्प चढून आला, टाकी उतरवली, दगडावर बसला. चहा दिला गेला.

वीस मिनिटांनी त्याचा आवाज बदलला. घोगरा, जरा नाकातून आल्यासारखा. छातीच्या मधल्या हाडामागे दुखत होतं आणि गिळताना जास्त. गळ्याच्या मुळाशी बोट दाबलं तर कातडीखाली कुरमुरे दाबल्यासारखी कुरकुर लागली. फुप्फुसातून फुटलेली हवा छातीच्या मध्यभागातून वर सरकत मानेच्या कातडीखाली पोहोचली की हीच लक्षणं दिसतात.

ऑक्सिजनचा सिलिंडर हजर होता. त्याची चावी गाडीत होती आणि गाडी डबा आणायला गावात गेली होती. ऑक्सिजन सुरू व्हायला अकरा मिनिटं लागली.

रुग्णालयात दाखल करताना सोबतच्याने "पाण्यात बुडाला होता" असं सांगितलं. तो बुडाला नव्हता. बुडालेल्या माणसाच्या फुप्फुसात डॉक्टर पाणी शोधतात. इथे शोधायची होती नको त्या ठिकाणी गेलेली हवा. एक्स-रे पाहिल्यावर गोष्ट उलगडली. चेतासंस्थेची लक्षणं नव्हती, फुप्फुस आकसलेलं नव्हतं, त्यामुळे ऑक्सिजन, विश्रांती आणि देखरेख यांवर भागलं. हवा मेंदूकडे गेली असती तर पहिल्या दहा मिनिटांतच, म्हणजे चहाच्या वेळेला, तो बेशुद्ध पडला असता किंवा एका अंगाने लुळा झाला असता.

शिसं

आता मूळ कारणाकडे. कुणालाही विचारलं तर उत्तर मिळेल, "पोरगा घाबरला." घाबरला हे खरंच. पण मास्कमध्ये पाणी गेल्यावर नवशिके घाबरतातच, त्यासाठीच तर तो सराव असतो. प्रश्न असा की घाबरल्यावर तो नऊ सेकंदांत वर कसा पोहोचला. त्याचं उत्तर कमरेच्या पट्ट्यात आहे.

त्या सकाळी शिशाच्या वजनाचे पट्टे बोटीवरून जसेच्या तसे खाणीवर आले. पर्यटकाला समुद्रात नेताना जो ठरावीक पट्टा बांधतात, तोच: सात किलो. त्यात आधीच दोन किलो जास्तीचं असतं. गाईड पर्यटकाला धरून खाली नेतो, आणि पर्यटक तरंगू लागला तर गाईडचे हाल होतात, म्हणून थोडं भारीच बांधायची पद्धत. या मुलाला त्याच्या तीन मिलिमीटरच्या आखूड सूटवर समुद्रात पाच किलो पुरले असते.

दुसरी गोष्ट पाण्याची. समुद्राचं पाणी गोड्या पाण्याहून सुमारे अडीच टक्के जड. मुलाचं वजन ६८ किलो, भरलेली टाकी सुमारे १७, बीसीडी आणि रेग्युलेटर मिळून पाच, शिसं पाच, अशी बेरीज ९५ किलो. समुद्रात हे सगळं बरोबर तोललेलं असेल, तर गोड्या पाण्यात ते सुमारे २.३ किलोने जड पडतं. म्हणजे खाणीत त्याला हवं होतं २.७ किलो, आणि कमरेला होतं सात. जास्तीचं ओझं ४.३ किलो.

हे ओझं तोलून धरायला बीसीडीत तितकीच लिटर हवा भरावी लागते. शिवाय त्या क्षणी टाकीत १२० बार शिल्लक होते. शेवटी राखून ठेवायच्या ५० बारपेक्षा ही जी जादा हवा, तिचं वजन सुमारे ०.९ किलो, आणि तेवढं तोलायला आणखी ०.९ लिटर. एकूण ५.२ लिटर. सहा मीटरवर दाब सुमारे १.६ बार असतो, म्हणून वर येताना ही हवा फुगून ८.३ लिटर होते. म्हणजे पाय न मारताही वाटेत ३.१ किलोची उचल फुकट मिळते. वजन बरोबर असतं तर बीसीडीत फक्त ०.९ लिटर हवा असती. ती पृष्ठभागावर १.४ लिटर झाली असती आणि उचल मिळाली असती अर्ध्या किलोची. अर्धा किलो माणूस पायांनी, श्वासाने, हात आडवे पसरून थोपवू शकतो. तीन किलो थोपवायला डंप व्हॉल्व्हची, म्हणजे बीसीडीतली हवा सोडायच्या झडपेची, दोरी ओढावी लागते, आणि घाबरलेल्या नवशिक्याच्या हाताला ती दोरी सापडत नाही. इथे तर वरून इन्फ्लेटरही दाबलं गेलं.

जास्त वजन माणसाला खाली ठेवतं असं वाटतं. प्रत्यक्षात तेच त्याला वर फेकतं, कारण ते वजन तोलणारी हवा तो पाठीवर बाळगत असतो. शिवाय याच ओझ्याने गुडघे मातीत वीतभर रुतले आणि गाळ उठला. दोन्ही अपघात एकाच पट्ट्यातले.

वजन तपासायला पाच मिनिटं लागतात. पूर्ण सामान घालून पाय टेकणार नाहीत अशा पाण्यात उभ्याने तरंगायचं, बीसीडी पूर्ण रिकामी करायची, नेहमीसारखा एक श्वास घेऊन धरायचा आणि पाय हलवायचे नाहीत. पाण्याची रेघ डोळ्यांशी आली पाहिजे. श्वास सोडला की हळूहळू डोकं बुडलं पाहिजे. ही तपासणी ५० बारच्या टाकीवर केली तर तेच वजन अंतिम. २०० बारच्या टाकीवर केली तर दोन किलो वाढवायचे, कारण १५० बार हवा वापरली की टाकी तेवढी हलकी होते. वजन एकेक किलोने बदलायचं. आणि शिसं तराजूवर तोलून त्यावर आकडा कोरायचा. जाळ्याच्या शिशाबरोबर घरी ओतलेले तुकडे दिसायला सारखे असले तरी वजनाला सारखे नसतात.

समुद्रात परत गेल्यावर पुन्हा तपासायचं. खाणीतलं बरोबर वजन समुद्रात कमी पडतं, आणि कमी वजनाने सुरक्षा थांबा, म्हणजे वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबणं, पाळता येत नाही.

दम धरणाऱ्याचा दम

दुसरं कारण मुलाच्या गुणात होतं. खडपावरचे शिनाणे (शिंपले) काढायला लहानपणापासून बुड्या मारणाऱ्या माणसाच्या अंगात एक नियम भिनलेला असतो: पाण्याखाली तोंड मिटायचं, दम धरायचा, वर आल्यावर सोडायचा. साध्या बुडीत हे बरोबरच आहे. वरून भरून नेलेला श्वास खाली दाबाने आकसतो आणि वर येताना पूर्वीइतकाच होतो, त्याहून जास्त फुगत नाही.

टाकीतली हवा मात्र त्या खोलीच्या दाबाने येते. सहा मीटरवर छातीत पाच लिटर हवा घेतली आणि तोंड मिटून वर आलं, तर तिचे आठ लिटर होऊ पाहतात. छातीत तेवढी जागा नसते. भरलेल्या फुप्फुसांनी दम धरून सव्वा मीटरभर वर आलं तरी इजा होऊ शकते. म्हणजे तरणतलावाच्या उथळ बाजूलाही. "खाण काय, नऊच तर मीटर" हे वाक्य म्हणून फसवं आहे. हवेच्या आकारमानातला सर्वांत मोठा बदल वरच्या दहा मीटरांतच होतो, आणि खाणीचं सगळं पाणी त्याच दहा मीटरांत मावतं.

चांगलं पोहणाऱ्याचा दम धरण्याचा भाग सोपा समजून प्रशिक्षक घाईने पुढे सरकतात. उलट तिथेच सर्वांत जास्त वेळ द्यायला हवा. रॅम्पच्या दीड मीटर पाण्यात रेग्युलेटर तोंडातून काढायचा आणि परत घेईपर्यंत ओठांतून बारीक बुडबुडे सोडत राहायचं, पाच वेळा. मग रेग्युलेटर तोंडात ठेवून सलग "आऽऽ" म्हणत नऊ-दहा मीटर आडवं पोहायचं. वर येण्याचा सराव त्यानंतर, आणि तोही दोराला धरून. मास्कचा सरावही आधी उभ्याने, छातीएवढ्या पाण्यात: मास्क न घालता, नाक पाण्यात ठेवून, रेग्युलेटरने मिनिटभर शांत श्वास. नाकात पाणी असताना तोंडाने श्वास घेता येतो हे अंगाला कळल्याशिवाय सहा मीटरवर मास्क भरायला सांगू नये. हे जमेना तर त्या दिवशी खोल पाणी नाही. मुलाला वाईट वाटेल, वाटू द्यावं.

आणखी एक. टाकीने डाइव्ह केल्यावर त्याच दिवशी दम धरून खोल बुड्या मारायच्या नाहीत. संध्याकाळी शिनाणे काढायला जाणाऱ्याला हे मुद्दाम सांगावं लागतं.

ओट्याची मांडणी

मातीवर गुडघे टेकायचेच नाहीत. त्यासाठी पाण्यात टांगलेला ओटा हवा. चार मीटर बाय तीन मीटरची जीआय पाइपची चौकट, दोन इंची पाइप, आडव्या चार पट्ट्या, वर घट्ट ताणलेली जाळी. चार कोपऱ्यांना साखळ्या आणि वर दोनशे लिटरची चार निळी पिंपं, बूच पक्कं बंद. पाइपांना दर अर्ध्या मीटरवर भोकं पाडायची, नाहीतर आत अडकलेल्या हवेने चौकट एका बाजूने उचलते. अशा चौकटीचं वजन सव्वाशे-दीडशे किलो. चार पिंपं त्याच्या कितीतरी पट पेलतात, त्यामुळे सहा माणसं टेकली तरी ओटा जागचा हलत नाही. दोन कोपऱ्यांतून दोर भिंतीला बांधायचे, म्हणजे वाऱ्याने फिरत नाही. त्यासाठी तरंगणारा प्लास्टिकचा दोर वापरू नये, ढिला पडला की टाकीच्या व्हॉल्व्हमध्ये अडकतो.

तळावर खांब उभारून ओटा का नाही? कारण चिरेखाणीचं पाणी दिवाळीनंतर उतरत जातं. सप्टेंबरात पाच मीटरवर असलेला खांबांचा ओटा फेब्रुवारीत तीनावर येतो. टांगलेला ओटा पाण्याबरोबर खाली जातो आणि त्याची खोली पाचच राहते. तळ आणि ओटा यांत दोन मीटरपेक्षा कमी अंतर उरलं की त्या वर्षीचं शिकवणं बंद.

ओट्याच्या मधोमध बारा मिलिमीटरचा जाड दोर, दर मीटरला रंगीत पट्टी, वर बोया, खाली दहा किलोचं वजन आणि ते मातीपासून मीटरभर वर. उतरणं-चढणं याच दोराने. सराव करताना प्रशिक्षकाचा एक हात विद्यार्थ्याच्या बीसीडीच्या पट्ट्यावर, दुसरा दोरावर. सहायक बाकीच्यांसमोर आणि प्रशिक्षकाला दिसेल असा. हातात पट्टा असता तर मुलगा वर गेलाच नसता असं नाही. पण प्रशिक्षक त्याच्याबरोबर गेला असता, मधूनच डंपची दोरी ओढली असती आणि छातीवर हात ठेवून श्वास सोडायला लावला असता.

संख्येचा नियम दृश्यतेवर बांधावा. आठास एक ही कमाल मर्यादा आहे, ती सोय म्हणून वापरू नये. दृश्यता पाच मीटर असेल तर चार जण, तीनच्या खाली दोन, आणि सहायक कायम. दोनच्या खाली सराव रद्द. या प्रकरणात सकाळी अडीच होती, माती उठल्यावर शून्य. मापायचं कसं? दोराच्या रंगीत पट्ट्या मोजून. "बऱ्यापैकी दिसतंय" हे माप नव्हे.

हवेचं गणित थोडक्यात: दोघे एका टाकीवर, घाबरून प्रत्येकी मिनिटाला चाळीस लिटर ओढतात असं धरलं, तर सहा मीटरवर एक मिनिट सावरायला, एक मिनिट चढायला आणि पाच मीटरवरच्या तीन मिनिटांच्या थांब्याला मिळून सुमारे सहाशे लिटर लागतात. म्हणजे या टाकीचे साधारण ५५ बार. म्हणून कुणाचीही टाकी ८० वर आली की अख्खा गट वर.

काठावरची तयारी

मालवणात सुरक्षेची चर्चा बहुतेक बोटीभोवती फिरते, आणि त्याला कारणही आहे. २४ मे २०२२ ला तारकर्लीत स्कूबा करून परतणारी बोट उलटून दोन पर्यटकांचा जीव गेला. खाणीत बोट नाही, लाट नाही, म्हणून निम्मी तयारी नकोच असं वाटतं. उरलेली निम्मी म्हणजे ऑक्सिजन, वाट आणि निरोप.

ऑक्सिजन: बी टाइपच्या भरलेल्या सिलिंडरात साधारण दीड हजार लिटर असतो. पिशवीवाल्या मास्कने मिनिटाला १५ लिटर दिला तर शंभर मिनिटं. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयापर्यंत तासाभराचा रस्ता धरला तर हे पुरतं, पण अर्धा भरलेला सिलिंडर पुरत नाही. चावी सिलिंडरच्या मानेला साखळीने बांधलेली. सकाळी पहिल्या डाइव्हआधी व्हॉल्व्ह उघडून दाब वहीत लिहायचा. वेगाने वर आलेल्या प्रत्येकाला लक्षणं असोत-नसोत ऑक्सिजन, सपाट झोपवून. चालायला लावायचं नाही, रॅम्प चढवायचा नाही. बेशुद्ध पण श्वास चालू असेल तर कुशीवर. श्वास नसेल तर आधी पाच कृत्रिम श्वास, मग ३० दाब आणि २ श्वास.

वाट: शेवाळलेल्या रॅम्पवरून नव्वद किलोचा माणूस उचलून आणणं हा स्वतंत्र सराव आहे. रॅम्प खराट्याने घासून त्यावर काथ्याचा जाड पट्टा अंथरायचा, कडेने हातभर उंचीवर दोर. फळीवर माणूस बांधून चौघांनी वर आणायचा, घड्याळ लावून, प्रत्येक तुकडीने एकदा. भिंतीच्या काठापासून दोन मीटर आत कुणी उभं राहायचं नाही. पावसाने सुटलेले चिरे काठाशीच लोंबत असतात.

निरोप: खाणीच्या खड्ड्यात फोनला रेंज नसते, सड्यावर चढलं की मिळते. १०८ ला फोन करणारा माणूस आधी ठरलेला आणि त्याच्याजवळ पत्ता लिहिलेला. चिरेखाणीचा पत्ता रुग्णवाहिकेला सापडत नाही, म्हणून एक दुचाकीस्वार तिठ्यावर उभा. रुग्णाबरोबर चिठ्ठी: जास्तीत जास्त खोली, पाण्याखालचा वेळ, "टाकीतली हवा घेत होता", किती सेकंदांत वर आला, पहिलं लक्षण किती वाजता, ऑक्सिजन किती वाजता. डाइव्ह कॉम्प्युटरही सोबत. "बुडाला" हा शब्द चिठ्ठीत नको.

दाबकक्षाची, म्हणजे वाढवलेल्या दाबाखाली उपचार करायच्या खोलीची, गरज पडली तर तो इथे जवळ नाही. मुंबईत नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात ही सोय आहे. रुग्ण कुठे हलवायचा हे डॉक्टरांनी ठरवायचं, आणि डायव्हिंगच्या अपघातांत सल्ला देणाऱ्या डायव्हर्स अलर्ट नेटवर्कच्या डॉक्टरांशी त्यांचं बोलणं करून द्यायचं. एक गोष्ट मात्र गाडीवाल्याला आधीच सांगून ठेवावी. कोल्हापूर जवळ म्हणून घाट चढायचा नाही. आंबोली सुमारे सातशे मीटरवर आहे आणि डायव्हिंगनंतर विमानप्रवासाचे जे नियम आहेत ते सहाशे मीटरपासूनच लागू होतात. हवेचा बुडबुडा अंगात असताना घाट चढणं म्हणजे तो आणखी फुगवणं. धडधाकट पर्यटकांनाही हे लागू आहे. एका डाइव्हनंतर बारा तास, जास्त डाइव्ह केली असतील तर अठरा. सकाळी स्कूबा आणि संध्याकाळी आंबोलीचा धबधबा, हा बेत उलट्या क्रमाने आखावा.

जाता जाता लेप्टोबद्दल. साचलेलं पाणी, आसपास गुरं, उंदीर, आणि गुडघ्याला खरचटलेलं, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसला हवं ते सगळं हजर. सिंधुदुर्गात हा आजार नवा नाही. जखम असलेल्याला पाण्यात सोडू नये, रॅम्पवर गुरं येऊ देऊ नयेत, आणि पुढच्या महिन्याभरात ताप आला तर डॉक्टरांना "खाणीच्या पाण्यात होतो" हे सांगायला प्रत्येकाला बजावावं. प्रतिबंधक गोळ्या घ्यायच्या की नाहीत ते प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारून ठरवावं.

तिसऱ्याचं पुढे

त्याला परत पाण्यात कधी उतरवायचं, हा प्रश्न प्रशिक्षकाच्या हातातला नाही. फुप्फुस एकदा फाटलं की ते का फाटलं हे आधी पाहावं लागतं. फक्त दम धरल्यामुळे, की मुळात एखादी कमजोर जागा, पातळ फुगा, जुना व्रण होता म्हणून? साध्या एक्स-रेत असा फुगा दिसेलच असं नाही, त्यासाठी छातीचं सीटी स्कॅन लागतं. तसं काही सापडलं तर टाकी घेऊन खाली जाणं कायमचं बंद. नाही सापडलं तरी डायव्हिंगची माहिती असलेल्या डॉक्टरांची लेखी परवानगी हवी, आणि मग कोर्स पहिल्यापासून, दीड मीटर पाण्यातून, तीन किलोच्या पट्ट्यावर. तोवर त्याला बोट चालवता येईल, सिलिंडर भरता येतील, काठावर ट्यूब धरून उभं राहता येईल. कपाळावर मास्क चढवून वर येणाऱ्या माणसाला तो तरी नक्की ओळखेल.